अठ्ठावीस मिनिटं, चाळीस सेकंद

२९ सप्टेंबर, सकाळी ७.१५

आजपासून रोजनिशी. मोहिमेची नोंद राहिली पाहिजे. डोंगरात जाणारी सगळी मोठी माणसं लिहितात. नियम एकच, मनाशी खोटं बोलायचं नाही.

मोहीम अशी: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, भर थंडीत, बर्फातून चालत साडेचार हजार मीटरवरच्या खिंडीत पोचायचं. मेंबर चार. पंत, ढापण्या, ढापण्याची बायको म्हणजे आमची वहिनी, आणि मी. ते तिघं तिकडे मायदेशी, मी सहा वर्षं नोकरीपायी इकडे. लीडर मी. निवडणूक वगैरे झाली नाही, पण एक्सेल शीट मी बनवली म्हटल्यावर विषयच संपला.

मोहीम खरी पंतासाठी. कॉलेजपासून आजोबांसारखा बोलतो म्हणून पंत. शाळेत ड्रॉइंग शिकवतो. बावीस वर्षं पोरांना दोन डोंगर आणि मधला सूर्य काढायला शिकवतोय, पण दोन डोंगरांच्या मध्ये उभं राहिलं की पलीकडे काय दिसतं ते त्याने अजून एकदाही पाहिलेलं नाही. आधी बहिणींची लग्नं, मग स्वतःचं, मग मुलींची शिक्षणं. आता दोन्ही गुडघे गेलेत. फेब्रुवारीत ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, त्यानंतर बागेत फिरा, डोंगर विसरा. म्हणजे खिंड बघायची तर ह्याच डिसेंबरात, नाहीतर कधीच नाही.

मी फोनवर सांगून टाकलं, पंत, तू फक्त ये. तुला खिंडीत नेऊन उभा करायची जबाबदारी माझी.

३० सप्टेंबर, सकाळी ८.००

पाच वाजता उठून धावायचं होतं. गजर वाजला. मी तो बंद केला, म्हणजे जाग आली होती. उठण्याचा भाग जमला. धावण्याचा उद्या.

वजन ८९. बायकोला म्हटलं, माझी हाडं जड आहेत. ती म्हणाली, हो, त्यातली बरीचशी पोटात दिसतात.

१ ऑक्टोबर

पाऊस.

२ ऑक्टोबर

पाऊस नव्हता, पण रस्ता ओला. मोहिमेआधी पाय मुरगळला तर जबाबदार कोण?

शीटमध्ये 'जोखीम' नावाचा टॅब टाकला. एक: पंताचे गुडघे. दोन: ढापण्याच्या चष्म्यावर धुकं साचणं. तीन: वहिनी फार भराभर चालते. स्वतःच्या नावापुढे प्रामाणिकपणे विचार केला. काही सुचलं नाही.

तिघांनीही शीट उघडल्याचं दिसतंय. पंताने आपल्या रकान्यात 'रोज ४ किमी चालतो, गुडघ्याचे व्यायाम दोनदा' असं लिहिलंय. साधा माणूस आहे. ट्रेनिंग म्हणजे काय हे त्याला सांगावं लागेल.

७ ऑक्टोबर

बूट आले. घोट्याच्या वरपर्यंत, दोन्ही मिळून पावणेदोन किलो. नवे बूट पायांना सवयीचे करावे लागतात, म्हणून ऑफिसला तेच घालून गेलो. दिवसभर टेबलाखाली पाय हलवत बसलो. चार तास तरी सराव झाला असेल.

१३ ऑक्टोबर, दुपारी ४.००

ही नोंद करावी की नाही ह्यावर बराच विचार केला.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. शहरातल्या तीनशे दहा लिफ्टचं वेळापत्रक मी लावतो. कोणत्या टेक्निशियनने कधी कुठे जायचं, काय तपासायचं. तपासतात ते, रिपोर्टवर सही माझी. ऑफिस चौथ्या मजल्यावर, आणि कंपनीच लिफ्टची असल्यामुळे जिना कोणीही वापरत नाही. मी आज वापरला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये सुट्या भागांचे सहा जाडजूड कॅटलॉग.

दुसऱ्या मजल्यापर्यंत फॉर्म उत्तम होता. तिसऱ्यावर थोडा विचार करायला बसलो. चौथ्यावर पोचलो तेव्हा कळलं, जिन्याचं दार ह्या बाजूने कार्डाशिवाय उघडत नाही आणि कार्ड टेबलावर. खाली उतरलो, खालचंही तसंच. मोबाइलला रेंज नाही. शेवटी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. ते थेट आमच्याच हेल्पलाइनला जातं.

टेक्निशियन चाळीस मिनिटांनी आला. कोणत्या लिफ्टमध्ये अडकला होतात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, जिन्यात. त्याने दोनदा विचारून खात्री केली आणि फॉर्म भरला. अडकलेल्या व्यक्ती: एक. लिफ्ट: नाही.

मॅनेजरबाईंनी तो रिपोर्ट मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. खाली सही लागते, ती मीच केली.

१६ ऑक्टोबर

जिना बंद. आता विरळ हवेचा सराव. नियम असा की दिवसा उंचावर जायचं आणि झोपायला खाली यायचं. म्हणून दुपारचा डबा सातव्या मजल्यावर खाल्ला, वर वीस मिनिटं थांबलो, आणि चौथ्या मजल्यावर येऊन खुर्चीत डुलकी काढली. काहीही त्रास झाला नाही. माझी प्रकृती उंचीला अनुकूल दिसते.

२० ऑक्टोबर

ट्रेक नेणाऱ्या संस्थेचा मेल. कटकट. प्रत्येकाने पाच किलोमीटर धावून घड्याळाच्या ॲपचा स्क्रीनशॉट ३१ तारखेच्या आत पाठवायचा. पस्तीस मिनिटांच्या आत असाल तर पास. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर तीस मिनिटांच्या आतला एक जोडीदार लागेल. जोडी कायमची. दोघांनी बरोबर चालायचं, आणि एक मागे फिरला तर दुसऱ्यानेही फिरायचं. वाद घालायचा नाही.

वहिनीने लगेच धावून पाठवलं, २९.१०. ढापण्याचं ३७. नवरा-बायकोची जोडी झाली. पंत अर्धा चालत, अर्धा धावत, गुडघ्यांना पट्टे बांधून ४१.

ग्रुपवर सगळ्यांनी मला विचारलं, तुझं काय? मी लिहिलं, लीडर शेवटी धावतो.

२२ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

धावलो!

३.२ किलोमीटर, ३८ मिनिटं. ह्यात दोन सिग्नल आणि एक बेकरी आहे. बेकरी वजा केली तर चित्र खूप वेगळं दिसतं. शिवाय वारा समोरून होता, जाताना आणि येतानाही. ह्याला ट्रायल म्हणून नोंदवतो.

२३ ऑक्टोबर

अंथरुणातून उठता येईना. मांड्यांचे तुकडे पडलेत. बायकोने मोजे घालून दिले. हसली नाही, पण ते जास्त झोंबलं.

२५ ऑक्टोबर

परत प्रयत्न. एक किलोमीटर. बरगडीखाली कळ.

समोरच्या दारात एक रिटायर्ड पोस्टमन राहतात. वय एकाहत्तर. रोज सकाळी सहाला धावायला जातात, पाऊस असो वा बर्फ. आज मला दिव्याच्या खांबाला धरून उभा पाहिलं आणि थांबले. म्हणाले, सावकाश सुरुवात करा, नाकाने श्वास घ्या, उद्यापासून माझ्याबरोबर चला. मी म्हटलं, सोमवारपासून नक्की.

२७ ऑक्टोबर

डोकं शांत ठेवून विचार केला. तीस मिनिटांच्या आतला स्क्रीनशॉट गेला नाही तर पंताला जोडीदार नाही. जोडीदार नाही तर पंत नाही. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तोच घरी बसणार, आणि तेसुद्धा माझ्या बरगडीपायी. हे मला मान्य नाही. मित्रासाठी माणूस काय करत नाही?

आता असं बघा. ऑफिसात मी काय स्वतः लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो? काम टेक्निशियन करतो, रिपोर्ट माझ्या नावाने जातो. ती फसवणूक नाही, ती पद्धत आहे. घड्याळ माझं. ॲप माझं. खातं माझं.

पोस्टमनकाकांना म्हटलं, घड्याळ बरोबर मोजतं का ते तपासायचंय, उद्या तुम्ही घालून जाल का. ते म्हणाले, आनंदाने.

२८ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

पाच किलोमीटर. अठ्ठावीस मिनिटं, चाळीस सेकंद!

घड्याळ बरोबर मोजतं.

३० ऑक्टोबर

पाठवलं. ग्रुपवर नुसता धुमाकूळ. वहिनीने विचारलं, भाऊजी, खाता काय तुम्ही? हृदयाचे ठोके एवढे कमी कसे? ढापण्याने हात जोडलेले सोळा इमोजी टाकले. संस्थेचा मेल आला, तुमच्या वयात हा टायमिंग प्रेरणादायी आहे, तुमच्या भरवशावर पंतांनाही घेत आहोत.

शीटमध्ये नवा टॅब टाकला, 'लीडरच्या टिप्स'. पहिली टीप: सुरुवात सावकाश. दुसरी: श्वास नाकाने.

३ नोव्हेंबर

पंताचा फोन. ऑपरेशनची तारीख मिळाली, नऊ फेब्रुवारी. म्हणाला, तुझ्यामुळे घेतलं रे मला, नाहीतर हे राहूनच गेलं असतं. मग सर्दीचं निमित्त करून त्याने फोन ठेवला.

मी म्हटलं होतं, अरे त्यात काय. खरंच, त्यात काय? अजून आठ आठवडे आहेत. आठ आठवड्यांत मी तेवढा धावायला लागलो की झालं. म्हणजे स्क्रीनशॉट खोटा नाही, जरा लवकर गेलाय इतकंच. सोमवारपासून पक्कं.

६ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ६.०५

पोस्टमनकाकांनी बेल वाजवली. मी दिवा बंद करून गादीवर निपचित. बायको दार उघडायला निघाली होती, तिला खुणेने थांबवलं. मीटिंग होती आज. मीटिंगच्या दिवशी थकून चालत नाही.

७ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

बेल.

८ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

बेल. चाळीस वर्षं दारोदार बेल वाजवलेला माणूस. त्याला कंटाळा म्हणून येत नाही.

१३ नोव्हेंबर

रजेचा अर्ज दिला. थंडीत लिफ्टचं तेल घट्ट होतं, बिघाड दुप्पट होतात. डिसेंबरात मला सोडणं कंपनीला परवडणारं नाही. मॅनेजरबाईंशी वाटाघाटी करायला चार मुद्दे लिहून नेले होते. त्यांनी मुद्दा क्रमांक एकच्या आधीच मंजूर करून टाकला. म्हणाल्या, जा की, तुमचं काम नवी मुलगी बघेल, तिला तसंही दुपारनंतर मोकळाच वेळ असतो.

चांगल्या बॉसला आपली किंमत बोलून दाखवता येत नाही.

१९ नोव्हेंबर

थंडीचा सराव. खिडकी उघडी ठेवून झोपलो. बायको आणि मुलगी दुसऱ्या खोलीत गेल्या.

२० ते २६ नोव्हेंबर

ताप. खोकला. ट्रेनिंग सक्तीने बंद. मोहिमेच्या कॉलमध्ये ढापण्याने आईलाही जोडून घेतलं, ती म्हणाली, अरे बाळा, तुला लहानपणापासून वारा सोसत नाही, कशाला ते डोंगर? चव्वेचाळीस वर्षांच्या लीडरला आईने ग्रुप कॉलवर बाळा म्हणू नये. वहिनी ऐकत होती.

२८ नोव्हेंबर

पंताने व्हिडिओ टाकला. त्यांच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला एकशे चाळीस पायऱ्या आहेत. पाठीला आठ किलोंची सॅक, गुडघ्याला पट्टे, तोंडाने आकडे मोजत चढतोय. खाली त्याची धाकटी मुलगी वेळ मोजत उभी. दिवसाला तीन फेऱ्या. वजन सात किलोंनी उतरलंय. खाली लिहिलंय, लीडरच्या टिप्सप्रमाणे, नाकाने श्वास.

व्हिडिओ दोनदा पाहिला. मग फोन पालथा ठेवला.

१ डिसेंबर

बायकोला सगळं कळलंय. पोस्टमनकाकांनी तिला जिन्यात गाठून विचारलं, साहेबांचं घड्याळ बरोबर निघालं का, आणि साहेब बरे आहेत ना, हल्ली दारच उघडत नाहीत. तिने दोन्ही गोष्टी जोडून बघितल्या. ती मला ओरडली नाही. नुसतं म्हणाली, पंतभाऊजींना सांगा. संस्थेकडे जोडीदारांची वेटिंग लिस्ट आहे, पाच तारखेपर्यंत बदल करता येतो, मी मेल वाचलाय. त्यांना दुसरा कोणी मिळेल. तुमचं काय, तुमची जरा शोभा होईल, होऊ दे.

मी म्हटलं, तुला डोंगरातलं काय कळतं? डोंगरात पायांपेक्षा मन लागतं. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

४ डिसेंबर

ठरलं. उद्या पंताला सांगणार. सरळ, एका दमात. पंत, ते २८.४० माझं नाही. तू संस्थेला कळव आणि दुसरा जोडीदार घे. दोन वाक्यं. कागदावर लिहून ठेवलीत.

५ डिसेंबर, दुपारी १.३०

फोन लावला. पंत नेमका टाकीच्या वर. धापा टाकत हसत होता. म्हणाला, थांब, दम घेऊ दे, तू बोललास की माझे गुडघे सुतासारखे सरळ होतात. मग म्हणाला, शाळेत पोरांना सांगितलंय, सुट्टीनंतर खिंडीच्या पलीकडचं चित्र काढून दाखवीन.

कागद समोर होता. मी म्हटलं, पंत, एक महत्त्वाचं सांगायचंय. तो म्हणाला, सांग. मी म्हटलं, टोपी लोकरीचीच घे, कान झाकणारी.

बरं झालं. लोकरीची टोपी हा खरोखरच महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि शीटमध्ये राहून गेला होता.

६ डिसेंबर

आता बदलाची तारीखच उलटून गेली. म्हणजे जायचं तर मलाच. एका दृष्टीने बरं, मनात चलबिचल नको. आजपासून रोज धावणे.

७ डिसेंबर

वाचलं की मोठे खेळाडू स्पर्धेआधी काही दिवस सराव कमी करत आणतात. शरीर ताजं राहतं. मी आजपासूनच कमी करतो.

१८ डिसेंबर

अत्यंत ताजं वाटतंय. वजन ९१. उंचावर भूक मरते, तिथे हा साठा कामाला येईल.

२५ डिसेंबर, दुपारी ३.००

पायथ्याचं गाव. विमान, मग बस, मग जीप. सगळे भेटले. पंताने मिठी मारली, तर हाताला नुसती हाडं लागली, केवढा बारीक झालाय. ढापण्या माझ्या पोटाकडे बघत राहिला. मी म्हटलं, आत तीन स्वेटर आहेत. वहिनी म्हणाली, भाऊजी, जॅकेट तर काढा, आत शेगडी आहे. मी म्हटलं, बरं वाटतंय असंच.

गाइड बुटका, काटक, कमी बोलणारा. यादीतून नावं वाचली. माझं आल्यावर त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग परत कागदाकडे. विचारलं, अठ्ठावीस चाळीस तुम्हीच ना? माझ्या आधी पंतच बोलला, हो, हाच.

उद्या सकाळी चाचणी आहे. गावामागे टेकडी, टेकडीवर मोबाइलचा टॉवर. साठ मिनिटांत वर पोचायचं. हे मेलमध्ये होतं म्हणे, खाली बारीक अक्षरात. असो. मन लागतं, मन.

२६ डिसेंबर, संध्याकाळी ५.००

नोंद करणं भाग आहे.

सुरुवात सावकाश केली. मग ती सावकाशच राहिली. बूट चावत होते. जीपचा प्रवास अंगात होता. नाश्ता जड झाला होता, आणि हवेतच काही नव्हतं. वहिनी दिसेनाशी झाली, मग ढापण्या. पंताला मी म्हटलं, तू हो पुढे, मी मागून सगळ्यांवर लक्ष ठेवतो, लीडर मागेच चालतो. त्याला पटलं. गेला.

अर्ध्यावर एक चपटा दगड आहे. त्याच्यावर बसलो. उठू म्हटलं तर पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. बाजूला उलटीही झाली. किती वेळ गेला माहीत नाही. वरून कोणी तरी एकेक पाय आडवा टाकत, काठी टेकत येताना दिसलं. पंत. चोपन्न मिनिटांत टॉवरला पोचला होता आणि मी दिसेना म्हणून परत उतरून आला होता. चढण्यापेक्षा उतरणं त्याच्या गुडघ्यांना जड जातं. त्याने माझी सॅक आपल्या पोटाशी अडकवली आणि म्हणाला, चल, पायाखाली बघून चाल.

खाली आल्यावर गाइडने दोन मिनिटांत निकाल दिला. मी वर जायचं नाही. आणि जोडीचा नियम असा की पंतानेही नाही.

वहिनी गाइडशी भांडली. चक्क भांडली. म्हणाली, पंतभाऊजी पास झालेत, आम्ही तिघं जाऊ. तो म्हणाला, बाई, बर्फात एका दमदार माणसामागे एकच कच्चा माणूस. तुमच्याकडे तुमचे यजमान आहेत, दोघांना तुम्ही ओढू शकत नाही. तेव्हा ढापण्या चष्मा पुसत म्हणाला, मग मी थांबतो, पंताला घेऊन जा. त्याने रजा मिळवायला काय काय केलंय हे मला माहीत आहे. तरी म्हणाला. पंतानेच ऐकलं नाही. म्हणाला, वेडा आहेस का, आयुष्यात पहिल्यांदा बायको तुला ओढून नेतेय, जा.

सगळे हसले. मी शेगडीकडे बघत होतो. प्रत्येकाने काही ना काही देऊ केलं. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

२७ डिसेंबर, सकाळी ९.३०

सातला निघाले. पंत दारापर्यंत गेला, ढापण्याच्या सॅकचा पट्टा नीट केला, वहिनीला म्हणाला, खिंडीतून पलीकडे काय दिसतं त्याचे भरपूर फोटो काढ, मला पोरांना चित्र दाखवायचंय. दोघं वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला. मग आत येऊन खाटेवर बसला आणि गुडघ्याचे पट्टे सोडले. आत कातडी सोलवटली होती.

खोलीत दोन खाटा. खिडकीतून समोरच्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसतं. वरचे लोक परत येईपर्यंत जीप नाही, म्हणजे सात दिवस इथेच.

मी पहाटे कारणं लिहून काढली होती. बूट, ताप, प्रवास, नाश्ता, हवा, बारीक अक्षर. सहा. क्रमाने सांगणार होतो. पंत पट्ट्यांची घडी घालत होता, एकावर एक, ऑपरेशननंतर लागणार असल्यासारखी नीट. लागणार नाहीत ते आता. ते बघून पहिलं कारण सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. पंत, ते २८.४० मी धावलो नव्हतो. आमच्या समोर राहणारे रिटायर्ड पोस्टमन धावले. घड्याळ फक्त माझं. पाच तारखेला तुला सांगायला फोन केला होता, तेव्हाही सांगितलं नाही, टोपीचं बोललो. तुझी खिंड माझ्यामुळे गेली.

मला लाज वाटत होती. वाटतेय. हे ह्या वहीत पहिल्यांदाच लिहितोय.

पंताने पट्ट्यांची घडी पुरी केली. टोपी डोक्यावरच होती, लोकरीची, कान झाकणारी. मग त्याने विचारलं, वय काय त्या पोस्टमनचं.

मी म्हटलं, एकाहत्तर.

आणि गुडघे?

ठणठणीत.

पंत म्हणाला, मग त्यांनाच पाठवायचं होतंस ना रे.